पांढरीवर पाय ठेवण्यापूर्वी : वारसा-सहली आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वारसा-सहलींचे आयोजक, गिर्यारोहण मंडळांचे पदाधिकारी आणि शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

हिवाळ्यातील सहलींचे बेत पावसाळा सरता सरता ठरू लागतात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहे. आपल्यापैकी कोणी विद्यार्थ्यांना लेणी दाखवायला नेतील, कोणी गडाच्या वाटेवरची बारव (पायऱ्यांची जुनी विहीर) आणि वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड) दाखवतील, तर कोणी शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत पाच-सहा ठिकाणे बसवून तशी जाहिरात करतील. खेड्यापाड्यांतील प्राचीन स्थळांकडे लोकांची पावले वळू लागली आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी वारशाची साक्ष देणाऱ्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आहेत, आणि त्या किल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांत आता पूर्वीपेक्षा अधिक माणसे येतील हे उघड आहे. हा ओघ थांबावा असे मला मुळीच वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, गावातील पुरातत्त्वीय स्थळाची सहल एखाद्या प्रसिद्ध, तिकीटघर असलेल्या स्मारकाच्या सहलीसारखी आखता येत नाही. तिचे निम्म्याहून अधिक काम गाडी सुटण्याआधी व्हावे लागते, आणि ते झाले नाही तर पाहणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही व गावाला मात्र त्रास होतो.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो, म्हणून ती चूक आधी सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी नववीच्या बेचाळीस विद्यार्थ्यांना घेऊन प्रवरेच्या खोऱ्यातील एका गावी गेलो होतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण चूक गावाची नव्हती. तिथे ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या काळातील, वस्तीचे टेकाड आहे, उत्खनन झालेले आहे, आणि वर्गात मी त्याविषयी भरभरून बोललो होतो. महिना डिसेंबरचा होता. टेकाडाच्या अंगावर आणि भोवताली ज्वारी उभी होती, उत्खननाचे खड्डे केव्हाच बुजवलेले होते, आणि कोणालाही आधी कळवलेले नव्हते. मुले बांधाने न जाता पिकातून शिरली. शेताचे मालक धावत आले, ते फारसे काही बोलले नाहीत, फक्त मोडलेली चार-पाच ताटे उचलून त्यांनी माझ्यासमोर धरली. त्याच वेळी एका मुलीने विचारले, “सर, आपण इथे काय बघायला आलो?” सनावळ्या आणि भांड्यांचे प्रकार मला तोंडपाठ होते, पण तिला दाखवावे असे माझ्यासमोर काहीही नव्हते. परतीच्या प्रवासात मी गप्प होतो, आणि मुलांना जुन्या वस्तीपेक्षा ती मोडलेली ताटेच अधिक लक्षात राहिली असावीत.

त्या मुलीचा प्रश्न प्रत्येक आयोजकाने सहल जाहीर करण्याआधी स्वतःला विचारायला हवा, कारण महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील फार मोठा भाग डोळ्यांना दिसणारा नाही. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग पूर्वापार मानले जातात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे जिथे माणसे राहिली, चुली पेटल्या, गुरे बांधली गेली, मातीच्या भिंती उभारल्या आणि पडल्या, तिथली माती राख, शेण आणि चुन्याच्या अंशाने पांढुरकी होत जाते आणि तिचे टेकाड बनते. नदीकाठच्या अनेक गावांच्या शिवारात असे पांढरीचे टेकाड सापडते. शेतात टाकण्यासाठी किंवा बांधकामासाठी ही माती गाड्या भरभरून नेली गेल्यामुळे कित्येक टेकाडे निम्मी झाली आहेत. ज्याला हे माहीत नाही त्याच्या दृष्टीने ते ओसाड उंचवट्यापलीकडे काहीही नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याला पावसाने धुऊन निघालेल्या उतारावर तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरातील भांड्यांची खापरे दिसतात.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगावचे उदाहरण घ्या. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे सुमारे दीड दशक तिथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्या कामाशी जोडलेली नावे आहेत. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती, आणि शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघड झाल्यामुळे त्या काळच्या एका खेड्याचे इतके तपशीलवार चित्र मिळाले की, त्याला भारतात फारशा जोडी नाहीत. सुरुवातीच्या काळातील मोठी आयताकृती घरे, नंतरच्या काळातील लहान गोल झोपड्या, धान्यकोठार, पुराचे पाणी वळवण्यासाठी घातलेला बांध आणि कालवा, घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून केलेली लहान मुलांची दफने, घोट्यापासून पावले तोडून पुरलेली प्रौढ माणसे, आणि एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत मिळालेला एका पुरुषाचा सांगाडा, ज्याची पावले मात्र शाबूत होती: एवढे सगळे या एका ठिकाणी सापडले. तो गावप्रमुख असावा असे उत्खनकांनी मानले आहे.

आता यातील काय तिथे जाऊन दिसते? घरे मातीची होती. उघडी ठेवली तर एक-दोन पावसाळ्यांत विरघळून जातील, म्हणून अभ्यास संपल्यावर असे खड्डे बुजवावेच लागतात. ती उपेक्षा नसून जतनाची रीत आहे, आणि सहलीला येणाऱ्याला हे आधी सांगितले नाही तर तो “काहीच ठेवले नाही” म्हणून हळहळत परततो. वस्तू पाहायच्या तर त्या पुण्याला, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पाहाव्या लागतात. म्हणून अशा सहलीचा पहिला दिवस संग्रहालयाचा आणि दुसरा स्थळाचा असावा, असा माझा आग्रह आहे. चार पायांचा रांजण आणि तोटीची भांडी डोळ्यांत साठवून जो विद्यार्थी घोडनदीच्या काठी उभा राहतो, त्याला नदीचे पात्र, काठाची उंची, आसपासची काळी जमीन आणि वस्तीची जागा यांतील नाते आपोआप उमगू लागते. माझ्या त्या चुकीच्या पुढील वर्षी मी आणखी एक गोष्ट केली. निघण्याआधी शाळेच्या मैदानावर दोरी आणि खुंट्या घेऊन अहवालातील मापांप्रमाणे एका गोल झोपडीचा आराखडा मुलांनी आखला, आणि त्यात किती माणसे आडवी झोपू शकतात हे झोपून पाहिले. त्या अर्ध्या तासाने माझ्या दहा व्याख्यानांइतके काम केले.

स्थळ आणि वस्तू यांची ताटातूट हा आपल्याकडील ग्रामीण पुरातत्त्वाचा नेहमीचा अनुभव आहे, आणि सहलीच्या आखणीत त्याचा विचार क्वचितच होतो. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका स्थानिक रहिवाशाला झुडपाचे मूळ खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरते. भारतीय पुरातत्त्वातील अत्यंत महत्त्वाच्या शोधांत त्यांची गणना होते, पण त्या आज गावात नाहीत, महानगरांतील संग्रहालयांत आहेत. पितळखोऱ्याच्या लेण्यांत मिळालेला यक्ष, ज्याच्या हातावर तो घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचा उल्लेख कोरलेला आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभा आहे. याला सुखद अपवाद धाराशिव जिल्ह्यातील तेरचा. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितलेले तगर नगर ते हेच. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचे संग्रहालय गावातच आहे, आणि मुळात विटांचे चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) असलेले त्रिविक्रमाचे मंदिरही गावातच उभे आहे. पहिल्यांदाच अशी सहल आखणाऱ्या शिक्षकांना मी तेर सुचवतो, कारण तिथे वस्तू, वास्तू आणि गाव ही तिन्ही एकाच दिवशी चालत चालत पाहता येतात.

संग्रहालय बंद असल्याचे दारात गेल्यावर कळणे ही पूर्णपणे टाळता येण्याजोगी गोष्ट आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थळ-संग्रहालये शुक्रवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, आणि लहान संग्रहालयांच्या बाबतीत एक दिवस आधी फोन करून विचारणे हाच उपाय आहे. याहून अधिक यावर लिहिण्यासारखे नाही.

मला अधिक काळजी वाटते ती यादीची. “दोन दिवसांत सात स्थळे” अशी जाहिरात वाचली की माझ्या मनात येते, या सातांपैकी एकाही स्थळाशी कोणाची ओळख होणार नाही. जुन्नरचेच पाहा. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री अशा गटांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि तरीही ‘जुन्नर लेणी’ हा कार्यक्रमपत्रिकेवर दुपारच्या जेवणाआधीचा दोन तासांचा विषय असतो. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून, गिरिजात्मजाचे दर्शन घेऊन आणि शेजारच्या चैत्यगृहात छायाचित्र काढून मंडळी पुढे निघतात. त्याऐवजी एक प्रश्न घेऊन जुन्नरला जाऊन पाहावे. उदाहरणार्थ, या डोंगरांत राहणाऱ्या भिक्षूंनी पाण्याची सोय कशी केली होती? मग प्रत्येक लेण्याच्या बाजूची टाकी पाहावी लागतात, पावसाचे पाणी त्यांत वळवणाऱ्या कातळातल्या बारीक पन्हळी शोधाव्या लागतात, आणि शिलालेख वाचावे लागतात. ब्राह्मी या प्राचीन लिपीतील लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटलेले आहे. जुन्नरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दान दिल्याची नोंद आहे, तर मानमोडीच्या लेखात क्षहरात कुळातील क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपान याचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम याच्या दानाची. कुठून तरी दूरवरून आलेला एक परदेशी माणूस सह्याद्रीतल्या भिक्षूंसाठी पाण्याची टाकी खोदून देतो, ही गोष्ट त्या टाक्याच्या काठावर बसून ऐकली तर विद्यार्थी ती विसरत नाहीत. दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न घेऊन नाणेघाटात जावे. तिथे घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, टाकी आहेत, आणि सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत, जे भारतीय अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत मोडतात. त्याच गुहेत सातवाहन राजकुळाच्या प्रतिमा होत्या; आज वर नावे वाचता येतात आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. दोन दिवसांत एक प्रश्न आणि दोन ठिकाणे, यात कार्यक्रमपत्रिका रिकामी दिसेल ही भीती बाळगू नये.

पूर्वतयारीसाठी साधने नाहीत अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे, पण ती खरी नाही. जिल्हा गॅझेटियर आहेत. १९५३-५४ पासून देशभरातील उत्खनने आणि सर्वेक्षणे यांची वर्षवार नोंद करणारे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे वार्षिक अहवाल आहेत, आणि त्यांतील अनेक महाजालावर मोफत वाचता येतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे आहेत, ज्यांवर टेकाडे, जुने रस्ते आणि देवळे दाखवलेली असतात. एका स्थळाची एक पानभर टिपणी तयार करायला शिक्षकाला दोन संध्याकाळी पुरतात. विद्यार्थ्यांनीच ती तयार केली तर त्याहून उत्तम.

ऋतूचा विचार आपण बहुधा माणसांच्या सोयीने करतो: थंडी आहे ना, मग चला. स्थळाचा ऋतू मात्र वेगळा असू शकतो. कोरडवाहू भागातील पांढरीवर ज्वारी असेल तर डिसेंबर-जानेवारीत तिथे जाणे म्हणजे पिकात पाय घालणे आहे. सुगी आटोपली, रान मोकळे झाले की मगच जावे. माझी दुसरी सहल अशीच फाल्गुनात झाली. मुले वीसच होती, शेताच्या मालकांना पंधरा दिवस आधी भेटून आलो होतो, आणि ज्यांच्या हातात आदल्या वर्षी मोडलेली ताटे होती त्यांनीच मुलांना फाळाला लागलेल्या जुन्या चुलीची जागा दाखवली. कोकणातल्या कातळशिल्पांचे गणित आणखी निराळे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ आणि सिंधुदुर्गातील कुडोपी ही स्थळे गोव्यातील फणसमाळसह २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंदली गेली. ती सगळी उघड्या सड्यावर, म्हणजे कोकणातल्या सपाट खडकाळ माळावर, जांभ्याच्या कातळात कोरलेली आहेत. पावसात त्यांच्या रेषांत पाणी साठते आणि शेवाळ धरते, पावसानंतर काही आठवडे गवत त्या रेषा झाकते, आणि भर दुपारी डोक्यावर आलेल्या उन्हात उथळ कोरीव रेषांची सावलीच पडत नसल्यामुळे समोर असलेले चित्रही दिसेनासे होते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उन्हे तिरपी असताना तिथे असावे. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. उभे राहून तो पूर्ण दिसत नाही, त्याच्या बाह्यरेषेबाहेरून चालत गेले की हळूहळू कळतो, आणि त्यासाठी पादत्राणे काढून ठेवण्याची सवय मुलांना लावावी. सड्यावर सावलीचे झाड नसते, पाणी नसते, हे ज्येष्ठ मंडळींना घेऊन जाणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

लेण्यांच्या बाबतीत आग्या मोहोळाचा धोका खरा आहे. सकाळी तिथल्या पहारेकऱ्याला किंवा गुराख्याला विचारल्याशिवाय वर जाऊ नये. आरडाओरडा, धूर आणि उग्र अत्तरे यांना सहलीत मज्जाव असावा. पितळखोरे गौताळा अभयारण्यात आहे, तेव्हा तिथे वनखात्याचे नियम आणि वेळाही पाळाव्या लागतात. पावसाळ्यात नाणेघाटात उलट्या धबधब्यासाठी जी गर्दी लोटते, त्या दिवसांत तिथला लेख पाहायला विद्यार्थ्यांना नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. ही स्थळे गावात आहेत, आणि गाव हे त्या स्थळाचे आवार नव्हे. टेकाड कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आहे, कातळशिल्प कोणाच्या तरी मालकीच्या सड्यावर आहे, वीरगळाला शेंदूर लावून कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या त्याची पूजा करत आले आहे, आणि बारवेतील पाणी आजही कोणाच्या तरी उपयोगाचे आहे. तरीही पन्नास माणसांची बस गावात येऊन थांबते, मंडळी उतरून थेट शिवारात शिरतात, दोन तासांनी निघून जातात, आणि गावाला कळतही नाही की हे कोण होते आणि त्यांनी काय पाहिले. मी आपणांस विनंती करतो की, सहलीच्या किमान पंधरा दिवस आधी सरपंचांना किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी कळवावे, जागा खासगी असेल तर मालकाची परवानगी घ्यावी, आणि गावात जत्रा, लग्नसराई किंवा दुखवटा नाही याची खात्री करून घ्यावी. गावातील एखाद्या तरुणाला वाट दाखवण्यासाठी सोबत घ्यावे आणि त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा. तो स्थळाविषयी काय सांगतो ते आधी ऐकावे, दुरुस्ती नंतर सुचवावी. पांडवांनी एका रात्रीत लेणे कोरले ही कथा ऐतिहासिक नाही हे आपल्याला ठाऊक आहे. पण ती कथा सांगणाऱ्यांनीच कैक पिढ्या ते लेणे राखले, हेही तितकेच खरे आहे. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या सड्यावरील हत्तीच्या भोवती संरक्षक बांध घालण्यात पुढाकार घेतला, याची आठवण इथे द्यावीशी वाटते.

याच ओघात एक साधी गोष्ट लिहितो, जी कार्यक्रमपत्रिकेत कधीच नसते. गावात मुली आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी विचारून ठेवलेले असावे. गावची शाळा बहुधा आनंदाने मदत करते, पण तिला आधी विचारायला हवे आणि जाताना ती जागा स्वच्छ करून द्यायला हवी. कचरा गावात टाकू नये, गाडीतून परत न्यावा. आणि गट पंचवीसांच्या आत ठेवावा. त्याहून मोठा गट एका लेण्यात ऐकू शकत नाही, एका टेकाडावर बांधाने चालू शकत नाही, आणि एका शिक्षकाला सांभाळता येत नाही.

खापरे उचलण्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. “इतकी पडली आहेत, एक घेतले तर काय बिघडले?” हा प्रश्न मुले विचारतात, आणि खेदाची गोष्ट अशी की, मोठी माणसे न विचारताच खिशात टाकतात. खापराचे मोल त्याच्या जागेत आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे गावात १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, आणि तिथल्या काळ्या रंगाची नक्षी असलेल्या, टिचकी मारली तर खणखणणाऱ्या लाल भांड्यांवरून एका अख्ख्या संस्कृतीला जोर्वे हे नाव मिळाले. पुढे अशीच खापरे ज्या ज्या गावच्या पांढरीवर दिसली, त्या त्या गावाचा इतिहास तीन हजार वर्षे मागे नेता आला. उतारावरचे नक्षीदार तुकडे प्रत्येक सहलीने एकेक करून नेले, तर उद्या सर्वेक्षणाला येणाऱ्या संशोधकाला तिथे नुसती जाडीभरडी, कोणत्याही काळातली वाटावी अशी खापरे उरतील. मुलांना खापर हातात घेऊ द्यावे, त्याचे चित्र काढू द्यावे, आणि जिथून उचलले तिथेच ठेवायला लावावे.

कायद्याची माहितीही निघण्याआधी द्यावी. संरक्षित स्मारकाला इजा करणे, त्यावर नावे कोरणे हा १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा कायदा आहे. जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ पासून आहे, आणि त्यासाठी किमतीची मर्यादा केवळ दहा रुपयांची आहे. परंतु ज्या वीरगळांना, गधेगळांना (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेल्या दगडांना), बारवांना आणि पांढरीच्या टेकाडांना कोणतेच संरक्षण नाही, त्यांची संख्या संरक्षितांपेक्षा किती तरी मोठी आहे, आणि तिथे कायद्याऐवजी येणाऱ्याच्या वागण्यावरच सगळे अवलंबून असते. लेख नीट वाचता यावा म्हणून त्यात खडू किंवा पीठ भरणे, कातळशिल्पाच्या रेषा छायाचित्रासाठी खडूने गिरवणे, परवानगीशिवाय लेखाचे ठसे घेणे, हे कोणीही करू नये. तिरप्या उजेडात, हवे तर एका विजेरीच्या बाजूने टाकलेल्या झोतात, अक्षरे पुरेशी स्पष्ट दिसतात.

आडरानातील असंरक्षित मूर्तीचे किंवा मंदिराचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर नकाशासह टाकण्यापूर्वीही थांबावे. गुप्तधनाच्या लोभाने मूर्तींखाली खणणारे लोक आजही आहेत, आणि आपल्या उत्साहाने त्यांना वाट दाखवणे होऊ नये. नवे काही आढळले तर त्याचे मापासह छायाचित्र, गावाचे नाव आणि जागेचे वर्णन राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला आणि ग्रामपंचायतीला कळवावे. त्याची एक प्रत गावच्या शाळेत ठेवली तर गावाला आपल्या ठेव्याची नोंद आपल्याच हाती मिळते. आमच्या शाळेने हे पाच गावांत केले. त्यांतील एका गावात त्या नोंदीच्या आधारे ग्रामसभेत चर्चा झाली आणि पांढरीची माती उचलणे गावकऱ्यांनी स्वतःहून बंद केले.

या पत्राच्या शेवटी माझी एक ठोस मागणी आहे. यंदाच्या आपल्या कार्यक्रमांतील कोणतीही एक सहल निवडा. तिच्यातील स्थळांची संख्या निम्म्यावर आणा, तिला एक प्रश्न द्या, तिच्याआधी संबंधित संग्रहालयाची भेट जोडा, आणि तिचे पत्र दसऱ्यापूर्वी त्या गावच्या ग्रामपंचायतीकडे पोहोचवा. गावाकडून “त्या दिवशी नको, रान मोकळे झाल्यावर या” असे उत्तर आले तर तारीख बदला. ज्या शिक्षकांना अशा सहलीसाठी टिपणी तयार करायची आहे आणि कुठून सुरुवात करावी हे सुचत नाही, त्यांच्यासोबत बसून ती तयार करून द्यायला मी तयार आहे.

आपला नम्र,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक